हाडं ठणकत असतील तर मानेतल्या ग्रंथीही तपासून घ्या

चोपड्याला एका लॅबमध्ये मी रक्त काढते. केळीच्या मळ्यात राबणाऱ्या बायका समोर येऊन बसतात आणि दुखणं बहुतेक एकाच शब्दांत सांगतात, "काय सांगू माय, हाडे दुखी ऱ्हायनात." बऱ्याच जणींच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी असतं, काहींचं दुखणं नुसतं कष्टाचं असतं. पण थोड्या जणींचा आजार हाडात नसतोच, तो मानेत असतो. माझी अडावदची मावशी त्यातलीच. कंबर, मांड्या, टाचा ठणकायच्या, दोनदा मुतखडा झाला, पोट साफ व्हायचं नाही, तहान सारखी लागायची. प्रत्येक तक्रारीवर वेगळी गोळी मिळत गेली आणि हाडांसाठी कॅल्शियमची. तुमच्या घरात असं कोणी असेल तर पुढचं नीट वाचा.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्यातल्या एखादीत गाठ झाली (बहुतेक वेळा ती साधी असते, कॅन्सरची नसते) की ती गरज नसताना पॅराथायरॉईड हार्मोन, म्हणजे पीटीएच, सोडत राहते. मग हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं आणि किडनीत खडे होतात. हाड पातळ होतं, पोकळ होतं, कधी जबड्यात किंवा मांडीच्या हाडात तपकिरी गाठ दिसते. एक्सरेत अशी गाठ दिसली की घरचे कॅन्सरच्या भीतीने खचतात. ती कॅन्सर नसते, ग्रंथीचा इलाज झाला की भरून येते. १९२५ साली व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल या सर्जनने हाडं झिजलेल्या एका ट्राम कंडक्टरच्या मानेतली अशी गाठ काढली आणि त्याचं दुखणं कमी झालं. हाडाचा इलाज मानेत करायचा, हे तेव्हापासून कळलं.

आता तपासणी. डॉक्टरांना सांगून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच एकाच दिवशी, एकाच वेळी करून घ्या. आज कॅल्शियम, पंधरा दिवसांनी पीटीएच असं केलं तर अर्थ लागत नाही. शक्यतो सकाळी या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, त्यांच्यामुळे पीटीएचचा आकडा चुकू शकतो. बीपीच्या काही गोळ्या आणि लिथियम यांनीही कॅल्शियम वाढतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. तोंडी सांगू नका, पाकिटंच दाखवा.

रक्त देताना दंडाला पट्टा आवळून बराच वेळ मूठ मिटत-उघडत बसायला लावलं तर कॅल्शियम खोटं वाढलेलं येतं. पट्टा अलगद आणि थोडाच वेळ बांधा, असं हक्काने सांगा. कॅल्शियमचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीतलं चालत नाही, कारण तिच्यातलं रसायन कॅल्शियम बांधून ठेवतं आणि आकडा फार कमी दिसतो. पीटीएच मात्र त्या नळीत जास्त टिकतं. नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल तर तो बर्फात ठेवूनच जातो ना, हे विचारा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विचारलंच पाहिजे.

अहवाल वाचताना एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल (साधारण १०.५ मिलिग्रॅम, पण तुमच्या लॅबची मर्यादा पाहा) आणि पीटीएच "नॉर्मल" छापलं असेल, तरी ते नॉर्मल नाही. कॅल्शियम वाढलं की निरोगी ग्रंथी गप्प बसते, पीटीएच अगदी खाली जातं. उलट कॅल्शियम कमी किंवा ठीक, ड जीवनसत्त्व कमी आणि पीटीएच जास्त असेल तर ग्रंथी कमतरतेपोटी जोर लावत असते. तिथे ऑपरेशन नको, ड जीवनसत्त्व भरून काढायचं. किडनी निकामी होत आलेल्यांचा प्रकार आणखी वेगळा, तो किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. आणि ड जीवनसत्त्व फार कमी असलं की ग्रंथीत गाठ असूनही कॅल्शियम ठीक दिसू शकतं, म्हणून ते भरल्यावर पुन्हा तपासा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी मनाने घेत राहू नका.

निदान होईपर्यंत घरात काय करायचं? पाणी भरपूर प्या, शेतात जाताना बाटली सोबत हवीच, कारण अंगातलं पाणी आटलं की कॅल्शियम आणखी चढतं. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळते. बंद करायची ती मनाने घेतलेली कॅल्शियमची गोळी. केळीचे घड उचलणं थांबवा. हाडवैद्याकडून कंबर ओढून घेऊ नका, पोकळ हाड तेवढ्यानेही मोडतं. मोरीत खरखरीत फरशी आणि धरायला दांडा बसवा.

गाठ कुठे आहे ते मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन दाखवतात. हाडांची घनता मोजताना मनगटाजवळचं हाडही मोजायला सांगा, या आजारात ते आधी झिजतं. ऑपरेशनसाठी असा सर्जन शोधा जो पॅराथायरॉईडची ऑपरेशनं नेहमी करतो. त्यासाठी गाडीत बसून मुंबईला जावं लागलं तरी जा.

ऑपरेशननंतरचे दिवस मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. भुकेलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात. मावशी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ओठाला मुंग्या येतात गं." मी तिचा हात हातात घेतला तर अंगठा आत वळून बोटं आखडत चालली होती. अशा वेळी घरात थांबायचं नसतं. लगेच दवाखाना गाठा, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. घरी सोडताना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप) किती वेळा घ्यायचं हे कागदावर लिहून घ्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्या, थायरॉईडची किंवा लोहाची गोळी त्यापासून चार तास लांब. आणि मुंग्या थांबल्या म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडू नका, डोस रक्त तपासूनच कमी होतो.

सहा महिन्यांनी कॅल्शियम पुन्हा पाहा. रुग्ण तरुण असेल किंवा घरात आणखी कोणाला असेच खडे झाले असतील, तर भावंडांचं आणि मुलांचंही कॅल्शियम एकदा तपासून घ्या.