खालच्या डिव्हिजनमध्ये शिट्टी वाजवण्याआधी

कोर्स झाला, परीक्षा पास झालो, आता मॅच कधी मिळणार, असं फुटबॉलचे नवीन रेफ्री विचारत असतात. मॅच मिळतील, नको नको म्हणाल इतक्या मिळतील. खालच्या डिव्हिजनला रेफ्री कायम कमीच असतात आणि मेच्या उन्हात दुपारची मॅच घ्यायला ज्येष्ठ मंडळींना हमखास काहीतरी काम निघतं. ती मॅच तुमची.

हे मी मुंबईच्या लीगमधल्या पहिल्या सीझनबद्दल लिहितोय. पुण्यात किंवा कोल्हापुरात मैदानं वेगळी असतील, पण खालच्या गटातली गंमत बहुधा सगळीकडे सारखीच. सतरा नियम तुम्हाला येतात असं धरून चालतो. येत नसतील तर आधी ते वाचा.

मैदानापासून सुरुवात करू. परळचं सेंट झेवियर्स काय किंवा बांद्र्याचं नेव्हिल डिसूझा मैदान काय, पहिल्यांदा जाल तेव्हा अर्धा तास नाही, तासभर आधी जा. (नेव्हिल डिसूझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. त्यांच्या नावाच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना एकदा विचारून बघा, किती जणांना माहीत आहे ते.) दोन्ही जाळ्या हाताने ओढून बघा. फाटलेल्या जाळीतून बॉल आरपार गेला की तो आतून गेला की बाहेरून, हे ठरवायला तुमच्याकडे व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नसतो, बऱ्याचदा धड लाइनमनही नसतो. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, पाय भाजतात. मोज्यांची जादा जोडी ठेवा. पाण्याचा ब्रेक जास्तीत जास्त एका मिनिटाचा आणि कूलिंग ब्रेक दीड ते तीन मिनिटांचा, यातला फरक दोन्ही कोचना आधीच सांगून ठेवा आणि तो वेळ शेवटी वाढवून द्या. हे विसरलात तर हरणारी टीम घड्याळ घेऊन तुमच्यामागे फिरेल.

मग टीम लिस्ट. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर मॅच सुरू होत नाही, चालू असेल तर पुढे चालत नाही. वरच्या लीगमध्ये हा नियम वापरायची वेळ कधी येत नसेल, आपल्याकडे तो रोजचा. मॅनेजर सांगणार, दोघं कुर्ल्याला पोचलेत सर, येतच आहेत. सात असतील तर वेळेवर सुरू करा. उशिरा येणाऱ्याचं नाव मॅचआधी दिलेल्या लिस्टवर असेल तरच तो नंतर आत येईल, नसेल तर नाही. इथे दयामाया दाखवलीत की समोरचा क्लब तेवढंच धरून बसेल.

कडं, अंगठी, बाळी, गळ्यातली साखळी, रबर बँड, सगळं उतरवायला लावायचं. वरून टेप चिकटवलेली चालत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलंय, तरी प्रत्येक मॅचला कोणीतरी टेप मागतंच. मनगटावरच्या दोऱ्याबद्दल आईने बांधलाय, देवाचा आहे, असं काहीबाही ऐकावं लागेल. हसून सांगा, पण सोडू नका. एकाला सूट दिली की उरलेल्या एकवीस जणांचे देव जागे होतात.

इथवरचं कोणीही शिकवेल. आता ज्यात मी अडकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण कोर्समध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

खालच्या डिव्हिजनमधल्या बऱ्याच क्लबांकडे जर्सी मोजून असतात. लिस्टवर अठरा नावं असली तरी धड नंबर असलेल्या जर्सी बारा-तेराच. बदली खेळाडू आत येताना बाहेर जाणाऱ्याची जर्सी अंगावर चढवतो आणि खेळायला लागतो. घामाने भिजलेली असली तरी कोणाला काही वाटत नाही. तुम्हाला मात्र वाटायला हवं.

माझ्या मॅचमध्ये चौदा नंबरला पहिल्या हाफमध्ये यलो कार्ड दिलं होतं. हाफटाइमला त्या टीमने त्याला बदललं. बदलीच्या स्लिपवर आत येणाऱ्याचा नंबर होता एकवीस, पोरगा उतरला चौदा घालून. स्लिप मी खिशात टाकली आणि घड्याळ सुरू केलं. दुसऱ्या हाफमध्ये चौदाने मागून टॅकल केला. सरळ यलो. कार्ड काढलं, वही बघितली, चौदापुढे आधीच खूण. दुसरं यलो म्हणजे रेड. पोरगा ओरडतोय, कॅप्टन ओरडतोय, बेंचवरून कोणीतरी बाटली आपटतोय. पण रेड दाखवल्यावर ओरडत नाही अशी टीम मी अजून पाहिलेली नाही, त्यामुळे त्या ओरडण्यात काही तथ्य असेल असं डोक्यातच आलं नाही. फ्री किक झाली, खेळ पुढे गेला. दहा जणांवर गोल झाला आणि संध्याकाळी प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्धची तक्रार, आला.

आता हे नीट समजून घ्या. तुम्ही ऑफसाइड चुकीचा दिलात, नसलेला फाउल दिलात, तर शिव्या खाल, पण निकाल बदलत नाही. खेळातल्या घटनांबद्दल रेफ्रीचा निर्णय अखेरचा, असं पाचवा नियम सांगतो. नियमच चुकीचा लावलात किंवा एकाचं कार्ड दुसऱ्याच्या नावावर टाकलंत, तर गोष्ट वेगळी. २००५ साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानने बहारीनविरुद्ध पेनल्टीवर गोल केला. त्यांचाच एक खेळाडू किक व्हायच्या आधी बॉक्समध्ये घुसला होता. तेव्हाच्या नियमाने पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी रेफ्रीने तो गोल न मोजता बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) दिली. उझबेकिस्तान १-० ने जिंकूनही फिफाने मॅच रद्द करून परत खेळवली. ती १-१ सुटली, पुढची बरोबरीत गेली आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या हिशोबाने बाहेर पडलं उझबेकिस्तानच. रेफ्रीची नजर चुकली असती तर कोणी काही करू शकलं नसतं. नियम चुकला म्हणून मॅच गेली.

माझ्या प्रकरणात पोराचं रेड रद्द झालं, निकाल तसाच राहिला. मला पुढचे काही आठवडे फक्त लाइन, म्हणजे लाइनमनचं काम, मिळालं.

तर करायचं काय? यलो देताना फक्त नंबर लिहू नका. बुटांचा रंग लिहा, दाढी, डोक्यावरचा बँड, काहीही. नाव विचारून आडनावाची दोन अक्षरं लिहा. त्यात दहा सेकंद जातात आणि तेवढ्यात पोरगा थंडही होतो. हाफटाइमनंतर सेंटरला बॉल ठेवायच्या आधी स्लिप हातात घेऊन दोन्ही टीमचे नंबर डोळ्यांनी मोजा. जुळत नसेल तर पांढरी टेप मागवा, पाठीवर नंबर चिकटवायला लावा, मगच शिट्टी. टेपचा नंबर घामाने सुटतो, म्हणून पुढे पाण्याच्या ब्रेकला परत बघा. मॅच दोन मिनिटं उशिरा सुरू झाली म्हणून कोणी प्रोटेस्ट करत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरं यलो असावं अशी शंका आली तर हात खिशाकडे जायच्या आधी डोळे वहीकडे गेले पाहिजेत. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. लाइनमनला बोलवा, कॅप्टनला विचारा, लिस्ट मागवा, कोणाला घाई आहे? एकदा किक झाली की तो निर्णय तुम्हाला मैदानावर बदलता येत नाही. त्यानंतर फक्त रिपोर्ट आणि सुनावणी.

हे खालच्या डिव्हिजनपुरतंच आहे असं समजू नका. २२ जून २००६ ला श्टुटगार्टमध्ये विश्वचषकातली क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅच होती. इंग्लंडचे ग्रॅहम पोल तेव्हा जगातल्या नावाजलेल्या रेफ्रींपैकी. क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला ६१ व्या मिनिटाला यलो दिलं, ९० व्या मिनिटाला परत दिलं, आणि तो मैदानावरच राहिला. तिसरं यलो मिळालं तेव्हा कुठे रेड निघालं. शिमुनिचचा नंबर तीन, ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूरचाही तीन. दुसरं यलो पोल यांच्या वहीत ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात गेलं होतं. दोन असिस्टंट, चौथा ऑफिशियल, एवढी माणसं असून कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा दोन टीमसाठी दोन वेगळी पानं ठेवा. एका पानावर मधे रेघ मारून भागवू नका.

फाउल होऊनही खेळ न थांबवता ॲडव्हान्टेज दिलात तर आणखी घोळ. हात पुढे करून खेळ चालू ठेवला, यलो थांबल्यावर द्यायचं ठरवलं, आणि बॉल दोन मिनिटं बाहेरच गेला नाही. तोवर फाउल करणारा कोण होता ते विसरलेलं असतं. मी आता नंबर मोठ्याने म्हणतो, आठ नंबर, परत येतोय तुझ्याकडे. लोक हसतात. हसू देत.

घाबरवतोय असं वाटत असेल तर जरा थांबा. यातलं बहुतेक सगळं सवयीने जमतं, आणि पहिल्या सीझनला तुमच्याकडून कोणी चमत्काराची अपेक्षा करत नाही. मैदानावर आईबहिणीवरून शिव्या देणारा कॅप्टन मॅचनंतर परळच्या प्लॅटफॉर्मवर तुमच्याच शेजारी उभा असतो, सर, डोंबिवली लोकल गेली का, असं विचारत. त्याला मगाचं काही आठवतही नसतं. शिव्या दिल्या असतील तर रिपोर्टमध्ये मात्र जशाच्या तशा लिहा. अपशब्द वापरले एवढंच लिहिलेला रिपोर्ट सुनावणीत टिकत नाही. बेंचवरून नक्की कोण बोललं ते कळत नसेल तर हेड कोचला कार्ड दाखवा. २०१९ पासून नियमच तसा आहे आणि त्याने बेंच पटकन गप्प होतं. गर्दी आत आली, अंगावर कोणी धावून आलं, तर मॅच थांबवा आणि आयोजकांजवळ जाऊन उभे राहा. हिरोगिरी नको. खेळाडूला हात लावायचा नाही, ढकलून बाजूला करायलाही नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. ग्रुपवर प्रीमियर लीगच्या क्लिप टाकून 'काय निर्णय द्याल' असं विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यातून निर्णय कळतील, उभं कुठे राहायचं ते कळणार नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो, रेफ्रीच्या नाही. त्यापेक्षा चहाचा ग्लास घेऊन गोलपोस्टमागे उभं राहून तुमची मॅच बघणारा आणि नंतर फक्त 'त्या कॉर्नरला तू तिथे काय करत होतास' एवढंच विचारणारा माणूस शोधा. असा एक मिळाला तरी पुरे. ओळखीने वरच्या डिव्हिजनची मॅच मिळतेय असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. जमणार नाही असं नाही, पण एकदा फसलात तर ती ओळखच पहिली तोंड फिरवते. शाळांच्या बारा वर्षांखालच्या मॅच घ्या, लाइन करा. तिथे चुका स्वस्तात होतात. पालक ओरडतात, तेवढं सहन करा.

पैशांचं थोडक्यात: मानधनातून पास आणि वडापाव निघतो, घर चालत नाही. नोकरी किंवा कॉलेज सोडू नका. वर जायचं असेल तर जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय अशी परीक्षांची शिडी आहे. फिटनेस टेस्टमध्ये चाळीस मीटरचे सहा स्प्रिंट आणि मग पंच्याहत्तर मीटर धावायचं, पंचवीस मीटर चालायचं, असं चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर होतात. ऐकायला सोपं वाटतं, तिसाव्यानंतर वाटत नाही. तयारी पावसाळ्यात सुरू करा, टेस्टच्या आदल्या महिन्यात नाही. मुलींनी तर जरूर यावं. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात असिस्टंट रेफ्री होत्या. त्यांची सुरुवातही भारतातल्याच मैदानांवर झाली.

दरवर्षी १ जुलैपासून नियमांतले बदल लागू होतात. खेळाडू ते वाचत नाहीत, कोचही बहुतेक वाचत नाहीत. २०२५ पासून कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. आधी सहा सेकंदांवर इनडायरेक्ट फ्री किक होती आणि ती कोणी देत नव्हतं, त्यामुळे बॉलवर झोपायची सवय सगळ्यांना लागलीय. शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजायची. टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना हे सांगा, तेही जरा मोठ्या आवाजात, म्हणजे मागच्या चारपाच जणांनाही ऐकू जाईल. तरी पहिला कॉर्नर द्याल तेव्हा अर्धी टीम तुमच्या अंगावर येईल. पण कॅप्टनला आठवलं तर तो निदान आधी स्वतःच्या कीपरवर ओरडेल आणि तेवढ्यात तुम्हाला मिनिट लिहून घेता येईल.