जिवंत मासे नेण्याच्या धंद्यात येताय?

बडोद्यात झूऑलॉजी केलेली मराठी मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: हॅचरीतून, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रातून, तलावापर्यंत मत्स्यबीज (माशांची पिल्लं) पोचवण्याच्या कामात शिरायचं, तर पहिला परवाना कोणता काढायचा? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. परवान्याचं नंतर बघू, आधी नखाएवढा मासा ओळखायला शिका. कागदावर लिहिलेल्या माशांमुळे सहसा कोणी अडकत नाही. कागदावर कटला, रोहू, मृगळ असतं आणि पिशवीत त्यांच्या जोडीला दोन-चार तिलापिया निघतात, सगळा घोळ तिथे होतो.

दोन-चारांनी काय बिघडतं, असं वाटेल. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही घाबरली की तिच्या तोंडात शिरतात, आणि ही जात दोन-तीन महिन्यांत वयात येते. हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला आणि १९५९ मध्ये त्याचा प्रसार थांबवायचं ठरवावं लागलं. थांबला मात्र नाही, आज देशातल्या कितीतरी तलावांत तो ठाण मांडून आहे. नाइल तिलापियाच्या सुधारित वाणाची शेती रीतसर परवानगी घेऊन करता येते, पण तो वेगळा मासा आणि वेगळी कागदपत्रं. विकणारा ‘एकच आहे हो’ म्हणाला, तर तिथून उठा.

ओळखायचं कसं? तिलापियाच्या नाकाला दोन्ही बाजूंना एकेकच भोक असतं आणि अंगावरची बाजूची रेषा मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. पिल्लाच्या पाठीच्या पराच्या मागच्या भागात काळा ठिपका दिसतो. रोहूचे ओठ झालरीसारखे, मृगळाचे पातळ, कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, मिशांच्या दोन जोड्या. चंदेऱ्याच्या (सिल्व्हर कार्प) पोटाची धार गळ्यापासून सुरू होते, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बिगहेड कार्पची पोटावरच्या परांपासून मागे. ही वाक्यं पाठ करून उपयोग नाही. पांढऱ्या ताटलीत पाणी घ्या, दहा रुपयांचं भिंग घ्या आणि बघत बसा. जिरे अवस्थेत, म्हणजे अंड्यातून नुकते निघालेले असताना, तर सगळे सारखेच दिसतात. म्हणून नव्या माणसाने जिऱ्यांच्या नादी न लागता बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या, आकाराचा माल उचलावा. भाडं जास्त पडतं, तरीही.

तिलापियासारखाच जपायचा दुसरा मासा मागूर. बाजारात थाई मागूर म्हणून मिळतो तो आफ्रिकेतला मासा. केंद्र सरकारने १९९७ मध्येच त्याची पैदास बंद करून साठे नष्ट करायला सांगितलं होतं. तो हवेतून श्वास घेतो, कमी पाण्यात तगतो, ओल्या जमिनीवरून सरकत पुढच्या डबक्यात जातो आणि वाटेत येईल ते खातो. देशी मागूरच्या डोक्याच्या मागच्या हाडाची कड गोलाकार उतरते, आफ्रिकनची टोकदार असते. पण दोघांचे संकरही फिरतात, तेव्हा लहान मागूरच्या बाबतीत शंका आली की ती खेप घेऊच नये असं माझं मत आहे. नफा बरा असतो, मान्य आहे.

म्हणजे परदेशी मासा दिसला की बेकायदा, असंही नाही. चंदेरा आणि गवत्या (ग्रास कार्प) १९५९ मध्ये आले, सायप्रिनस त्याहीआधी, आणि हे तिन्ही मासे आपल्याकडच्या मिश्र मत्स्यशेतीत सर्रास असतात. प्रश्न मासा कुठे सोडायचा याचा आहे. हिमाचलमध्ये १९७१ च्या पुरात एका मत्स्यफार्मवरचा चंदेरा गोविंदसागर जलाशयात गेला आणि पुढे तिथल्या कटल्याची जागा त्याने बळकावली. विश्वामित्रीला पूर आला की काय होतं हे बडोद्याच्या माणसाला २०२४ नंतर वेगळं सांगायला नको. म्हणून गिऱ्हाईकाला भावाच्या आधी विचारायचं: तुमच्या तलावाचा सांडवा कुठे जातो? बांधबंदिस्त शेततळं असेल तर एक उत्तर, सांडवा ओढ्याला मिळत असेल तर दुसरं. डभोईजवळच्या वढवाणासारख्या रामसर दर्जाच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) पाणथळीच्या वरच्या बाजूला तलाव असेल, तर मी परदेशी जात नेत नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी.

आता पाणी. पुस्तकात लिहिलेलं असतं की पिशवी तलावात तरंगत ठेवा, तापमान जुळलं की तोंड उघडा, तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि मासे पोहत बाहेर जाऊ द्या. माशाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग घाई करावी लागते, आणि घाईत पिशवीतलं सगळं पाणी तलावात जातं. त्या पाण्याबरोबर गोगलगाई, पाणवनस्पतींचे तुकडे, आर्ग्युलससारखे परजीवी आणि नको असलेल्या माशाची पिल्लंही जातात. १९८८ मध्ये भारतात शिरलेला माशांचा व्रणरोग पसरायलाही एका तलावाचं पाणी दुसऱ्यात जाणं पुरेसं असतं.

याला माझा उपाय साधा आहे. पिशव्या काठावरच्या टबात उघडायच्या, तलावाचं पाणी टबात आणायचं, उलट नाही. दर काही मिनिटांनी एखादा मग घालत, मासे मोकळे पोहू लागले की बारीक जाळीने उचलून तलावात सोडायचे. टबातलं पाणी बांधापलीकडे कोरड्या जमिनीत जिरवायचं. काम वाढतं, मजूर कुरकुरतात. पण जाळीत उचलताना प्रत्येक मासा डोळ्यांखालून जातो आणि तिलापिया असेल तर तिथेच सापडतो. जाळ्या, मग, टब उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय पुढच्या गावी न्यायचे नाहीत.

भरताना आदल्या दिवशी खाद्य बंद, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन, आणि प्रवास रात्रीचा. हे सगळेच सांगतील.

कागदांचं थोडक्यात. जिवंत माशांवर आणि मत्स्यबीजावर जीएसटी शून्य आहे, पण म्हणून बिल नको असं नाही. जातीचं नाव, आकार, संख्या, हॅचरी आणि कुठल्या तलावासाठी, इतकं बिलावर हवंच. गुजरातमध्ये २००३ चा मत्स्योद्योग कायदा लागू आहे. दाहोदवरून मध्य प्रदेशात जाणार असाल तर तिथे १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू असतो आणि माशांची वाहतूकही त्यात येते. नेमका तोच बीजाचा हंगाम. हे विक्रीचे मासे नसून बीज आहे, हे दाखवणारा कागद आणि तिथल्या मत्स्य विभागाची संमती आधी हातात घेऊनच निघा. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२अ आलं आहे. त्याखाली आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणं केंद्र सरकार अधिसूचना काढून बंद करू शकतं, तेव्हा अधिसूचनांवर लक्ष ठेवा.

गळाला जिवंत आमिष लावणारे हौशी लोकही हल्ली पिशव्या मागायला येतात. त्यांना मी एकच सांगतो: ज्या पाण्यात गळ टाकायचा, आमिष त्याच पाण्यातलं घ्या, आणि उरलेलं दुसरीकडे ओतू नका. त्या पाण्याचा ठेका असलेल्या इजारदाराची परवानगी वेगळी. (विश्वामित्रीत गळ टाकायचा विचार नको, तिथल्या मगरींना आमिष आणि माणूस यांत फरक दिसत नाही.) आपण चवीने खातो तो मरळ अमेरिकेत २००२ पासून हानिकारक वन्यजीवांच्या यादीत आहे. तिथे परवान्याविना तो जिवंत आणणं गुन्हा ठरतो. मासा तोच, पाणी बदललं.

शिक्षणाचं म्हणाल तर अजून बारावीत असाल तर वेरावळच्या मत्स्य महाविद्यालयाकडे बघा. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत एम.एफ.एससी. (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) करायचं तर बहुतेक विषयांना बी.एफ.एससी., म्हणजे त्याच शाखेची पदवी, लागते, हे झूऑलॉजीवाल्यांना फार उशिरा कळतं. त्यांनी एक पावसाळा हॅचरीत पडेल ते काम करावं. केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेचं केंद्र बडोद्यातच आहे, तिथल्या लोकांशी ओळख ठेवा.

आणि पहिल्या खेपेपासून एक सवय लावा. प्रत्येक खेपेतले दहा-बारा मासे स्पिरिटच्या बाटलीत घाला आणि वर तारीख, हॅचरी, तलाव लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तलावात तिलापिया दिसले आणि सरपंच तुमच्या दारात आले, तर दाखवायला ती बाटली लागेल. बाटलीतच तिलापिया निघाला, तर हॅचरीवाल्यापुढे ठेवायलाही तीच.