अवघड डेथ मेटल अल्बम कसा ऐकावा

टेक्निकल डेथ मेटलचा, म्हणजे अतिवेगवान आणि गुंतागुंतीच्या वादनाच्या जड रॉक संगीताचा, अल्बम पहिल्यांदा लावला की बहुतेकांच्या कानावर नुसता गोंगाट आदळतो आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत तो बंद होतो. दोन गिटार, बेस आणि ड्रम एकाच वेळी वेगवेगळे काही सांगत असताना कान कोठे टेकवावा हे ठाऊक नसते, हे त्याचे खरे कारण आहे.

सुरुवातीला फ्लोरिडातील ‘डेथ’ या बँडचा १९९१चा ‘ह्यूमन’ घ्यावा. यात आठ गाणी असून सारा अल्बम सुमारे ३४ मिनिटांचा आहे. बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरच्या जोडीला येथे गिटारवर पॉल मास्विडाल आणि ड्रमवर शॉन रायनर्ट आहेत. हे दोघेही तेव्हा जेमतेम विशीतले होते आणि जॅझ-फ्यूजनकडे, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाकडे, त्यांचा ओढा होता. तो ओढा वादनात स्पष्ट ऐकू येतो.

पहिल्यांदा हा अल्बम गाडी चालवताना किंवा काम करताना लावू नये. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी निवांत बसून, चांगल्या हेडफोनवर, आवाज मध्यम ठेवून तो सलग ऐकावा. आवाज फार मोठा ठेवला तर कान लवकर थकतात आणि बारकावे हरवतात.

दुसऱ्या वेळी फक्त ड्रमचा पाठलाग करावा. पहिले गाणे हळूहळू जवळ येणाऱ्या ड्रमच्या आवाजानेच सुरू होते, त्यामुळे कानाला तेथे आयताच धागा मिळतो. पायाने ठेका धरून मात्रा मोजाव्यात. चारांचा हिशेब जुळला नाही तर रूपकाप्रमाणे सात किंवा झपतालाप्रमाणे दहा मोजून पाहावे. तरीही वेग झेपत नसेल, तर यूट्यूबवर तो ०.७५ करून तोच तुकडा पुन्हा ऐकण्यात काहीही कमीपणा नाही.

यानंतरचा टप्पा कोल्हापूरकराला इतरांपेक्षा सोपा जावा, असे मला मनापासून वाटते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून याच गावात राहिले, आणि अनवट व जोड रागांची त्यांची पेचदार गायकी येथल्या रसिकांनी पचवली. राग ओळखता आला नाही तरी देवल क्लब या कोल्हापुरातील जुन्या संगीतसंस्थेच्या बैठकीतला जुना श्रोता मुखडा लक्षात ठेवतो आणि गायक समेवर कसा येतो याची वाट पाहतो. येथेही तेच करावे: गाण्यातील मुख्य रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, हा मुखडा समजावा, तो परत येतो तेव्हा ड्रमचा ठेका बदलला आहे की गिटारचा शेवटचा सूर, हे टिपावे. एकच रिफ दुसऱ्या ठेक्यावर बसवला की त्याचे वजन कसे बदलते, हे जाणवू लागले की गोंगाट उरत नाही.

बेस मात्र मुद्दाम शोधावा लागतो. मूळ मिश्रणात तो गिटारखाली दबला आहे. २०११च्या आवृत्तीत गाणी नव्याने मिश्रित केल्यामुळे तो मोकळा झाला, म्हणून बेससाठी तीच आवृत्ती घ्यावी. सातवी रचना शब्दांविना आहे, तेथून सुरुवात करावी.

गायकाचा गुरगुरणारा आवाज सर्वांत शेवटी समजून घ्यावा. शब्द समोर ठेवून एकदा वाचले की तो आवाज तालवाद्यासारखा कोठे आघात करतो, हे कळते.

कॅनडाच्या ‘गॉर्गट्स’चा १९९८चा ‘ऑब्स्क्युरा’ याहून कितीतरी कठीण आहे, कारण तेथे सूरच मुद्दाम विसंवादी ठेवले आहेत. त्याला हात घालण्यापूर्वी ‘ह्यूमन’मधील एका तरी गाण्याचा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत न चुकता धरता आला पाहिजे.