डिसेंबर-जानेवारीत फिजी? पावसाळ्यातल्या सहलीत या चुका टाळा

फिजीतल्या नांदी शहराच्या विमानतळाबाहेर पडलो तेव्हा ऊन रणरणत होतं आणि माझ्या हातात पुण्याहून आणलेली, घडी न होणारी लांब दांड्याची छत्री होती. टॅक्सीवाले काका छत्रीकडे बघून हसले. "पानी गिरी, लेकिन रुक जाई," त्यांनी फिजी हिंदीत सांगितलं. साडेतीनला आभाळ फुटलं, सव्वाचारला रस्त्यावरून वाफा निघत होत्या. छत्री पहिल्याच सरीत उलटी होऊन तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या.

ती जानेवारीअखेरची सहल. मी, बायको आणि आई. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही त्या अकरा दिवसांत करून घेतल्या. पुढे एकदा मार्चमध्ये गेलो, तेव्हा बऱ्याच टाळल्या.

आपल्या पंचांगाने तिथला पावसाळा मोजू नका

नकाशावर महाबळेश्वर विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, जवळजवळ तितकंच नांदी दक्षिणेला आहे. ऋतू मात्र उलटे. फिजीचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, चक्रीवादळांचा हंगामही तोच, आणि खरा जोर जानेवारी ते मार्च. आपण मात्र डोक्यात धरून चालतो की डिसेंबर म्हणजे छान हवा आणि मे म्हणजे नको तो घाम. तिथे मे-जून म्हणजे कोरडी, सुखद हवा. मुलांच्या शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल, तर मे महिन्याची सुट्टी फिजीसाठी सोन्यासारखी आहे आणि नाताळची सुट्टी ऐन पावसातली. दिवाळीत गेलात तर नुकती सुरुवात झालेली असते, बहुतेक वेळा निभावतं.

दुसरा गैरसमज पैशांचा. पावसाळा आहे म्हणजे स्वस्त पडेल, असं समजून आम्ही जानेवारी निवडला. पण नाताळपासून जानेवारीअखेरपर्यंत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि फिजी त्यांना अगदी दारातलं. पाऊसही भोगला आणि दरही चढेच मोजले. स्वस्ताई येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा. ती घ्यायची तर दोन-तीन दिवस हाताशी मोकळे ठेवूनच घ्या.

आणि मांटा रे हा महाकाय मासा बघायलाच निघाला असाल तर थांबा. यासावा बेटांजवळ तो दिसण्याचे महिने साधारण मे ते ऑक्टोबर. पावसाळ्यात त्याच्यासाठी पैसे मोजू नका.

सगळं फिजी एकसारखं भिजत नाही

हे मराठी माणसाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. महाबळेश्वरला धो धो कोसळतं आणि खाली वाईत तेवढं काही नसतं, तोच हिशोब इथे. व्हिती लेवू या मुख्य बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, त्यातलं सर्वांत उंच शिखर १,३२४ मीटरचं. वारे येतात आग्नेयेकडून. त्यामुळे त्या अंगाला असलेल्या राजधानी सुवात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिमेच्या नांदीत दोन हजारांच्या आतबाहेर. पश्चिमेची ममानुथा आणि यासावा बेटं त्याहून कोरडी. हिरवंगार म्हणून प्रसिद्ध असलेलं तावेउनी बेट हिरवंगार का, हे तिथे दोन दिवस राहिलं की कळतं.

म्हणून पावसाळ्यात मुक्काम पश्चिमेला ठेवा. सुवा जरूर बघा, तिथलं संग्रहालय आणि मोठा बाजार दोन्ही छपराखालीच आहेत. पण समुद्रकिनाऱ्यावर लोळण्याचे दिवस त्या बाजूला खर्च करू नका.

यात एक मेख आहे. पश्चिम बाजू कोरडी म्हणतात ती वर्षभराच्या हिशोबाने. तिच्या वाट्याचा बहुतेक पाऊस याच सहा महिन्यांत पडतो, आणि कधी कधी दोन दिवसांत. नांदी नदीला जानेवारी २००९ मध्ये आणि नंतर २०१२ मध्ये दोनदा मोठे पूर आले, बाजारपेठ पाण्याखाली गेली. नांदी गावात हॉटेल घेताना ते नदीपासून किती दूर आणि किती उंचावर आहे, एवढं नकाशावर बघाच. तलावाचा देखावा, पोहण्याचा हौद हे नंतर.

जाता जाता नावांबद्दल. तिथल्या रोमन लिपीत 'डी'चा उच्चार 'न्द', 'बी'चा 'म्ब', 'सी'चा 'थ' आणि 'जी'चा 'ङ' असा होतो. म्हणून लिहिलेलं दिसतं 'नदी' आणि वाचायचं 'नांदी'. दिसतं 'सिगाटोका', म्हणायचं 'सिंगाटोका'. बसस्टँडवर मी दहा मिनिटं 'ममानुका'ची चौकशी करत होतो. एका आजोबांनी शांतपणे 'ममानुथा' असं सुधारून दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

मोबाइलवरच्या ढगाला घाबरून बेत रद्द करू नका

निघायच्या आठवडाभर आधी हवामानाचं अॅप उघडलं की दहाच्या दहा दिवस ढग, थेंब आणि वीज. ते चित्र एवढंच सांगतं की दिवसात कधीतरी पाऊस पडेल. पावसाळ्यात तो रोजच कधीतरी पडतो. साधा दिवस असा जातो: सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग, तासभर जोरदार सर, संध्याकाळी पुन्हा मोकळं. त्यामुळे बोट, पोहणं, चढण हे सगळं सकाळी उरकायचं आणि दुपार सैल सोडायची. आम्ही पहिले दोन दिवस आरामात नऊला उठून नाश्ता करून अकराला बाहेर पडत होतो, म्हणजे बरोबर उलटं.

काळजी करायची ती कमी दाबाच्या पट्ट्याची. तो डोक्यावर येऊन बसला की तीन-चार दिवस आभाळ उघडत नाही. हे चिन्हांवरून कळत नाही, मजकूर वाचावा लागतो. फिजी हवामान सेवेचं कार्यालय नांदीतच आहे, आणि दक्षिण पॅसिफिकच्या त्या भागातल्या चक्रीवादळांना नावं देणारं प्रादेशिक केंद्रही तेच. त्यांचा रोजचा अंदाज चार ओळींचा असतो. दुसरं कुठलंही अॅप उघडण्याआधी तो वाचा.

ढगाळ आहे म्हणून क्रीम न लावणं हा आणखी एक घोटाळा. नोव्हेंबरच्या मध्याला आणि जानेवारीच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य नांदीच्या बरोबर डोक्यावर असतो. माझी पाठ ढगाळ दिवशीच भाजली.

लांबची बेटं शेवटी ठेवू नका

सगळ्या चुकांमधली ही थोरली. सहल आखताना आपल्याला वाटतं, आधी गावं-देवळं बघून घेऊ आणि शेवटचे तीन दिवस बेटावर निवांत. आम्हीही तसंच केलं. परतीचं विमान रविवारी रात्री, बेटावरून सुटायची बोट रविवारी सकाळी. कागदावर चोख.

शनिवारी दुपारी एक मुलगा कोयता घेऊन माडावर चढला आणि भराभर नारळ खाली टाकू लागला. आईला वाटलं, पाहुण्यांसाठी शहाळी. ती ग्लास घेऊन खाली जाऊन उभी राहिली. त्याने वरूनच हात हलवून लांब व्हायला सांगितलं. वारा सुटणार होता, आणि सुटलेल्या वाऱ्यात नारळ म्हणजे तोफगोळा. पाठोपाठ आरामखुर्च्या आत गेल्या, लहान होड्या ओढून झाडांना बांधल्या गेल्या. रात्रीच्या जेवणाला निरोप आला: उद्या बोट नाही. वादळ नव्हतंच ते, नुसता कमी दाबाचा पट्टा. सोमवारीही बोट आली नाही. विमान अर्थातच गेलं.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे: उतरल्यावर एक रात्र नांदी, लगेच बेटं, आणि शेवटच्या दोन रात्री पुन्हा मुख्य बेटावर, विमानतळाच्या बाजूला. समुद्र खवळला तरी हाताशी दोन दिवस राहतात. नाही खवळला तर ते दोन दिवस वाया जात नाहीत. नांदीचं श्री शिव सुब्रमण्यम देऊळ बघावं, सिंगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर सकाळी चालावं, साबेटोच्या गरम पाण्याच्या चिखलकुंडात बसावं. अंगाला चिखलच फासायचा आहे, तिथे पावसाने काय बिघडतं? नवुआ नदीच्या वरच्या खोऱ्यात राफ्टिंगला तर पावसाळ्यातच मजा, दोन्ही कड्यांवरून धबधबे कोसळत असतात. पूर असेल तर अर्थात राफ्टिंग बंद ठेवतात, तिथे हुज्जत घालू नका.

बोट रद्द झालीच तर काय करायचं? पहिलं, विमान कंपनीला विमान सुटण्याआधी कळवा. नंतर कळवलं की तुम्ही 'आलाच नाहीत' असं धरतात आणि पुढची सगळी तिकिटं लटकतात. दुसरं, बोट रद्द झाल्याचा लेखी निरोप किंवा ईमेल मागून घ्या, विम्यासाठी तो लागतो. तिसरं, रोख पैसे. बहुतेक लहान बेटांवर एटीएम नसतं, आणि वीज किंवा नेटवर्क गेलं की कार्डाचं यंत्रही मान टाकतं. दोन जादा रात्रींचं भागेल एवढे फिजी डॉलर जवळ असू द्या. शाकाहारी असाल तर बेटावरच्या मुक्कामाला आठवडाभर आधीच सांगा, कारण भाजीही त्याच बोटीने येते.

'वादळ आलं तर बघू' असं म्हणू नका

बरीच वर्षं काहीच होत नाही आणि एखाद्या वर्षी सगळं होतं. २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ ताशी २८० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी आलं, ४४ जीव गेले. डिसेंबर २०१२ मध्ये इव्हान पश्चिम भागावरच आलं होतं आणि डिसेंबर २०२० मध्ये यासा हे वनुआ लेवू या दुसऱ्या मोठ्या बेटावर. त्यामुळे 'डिसेंबरमध्ये कुठलं वादळ' हेही खरं नाही.

पर्यटकाने दोनच गोष्टी करायच्या. एक, विमा तिकिटाबरोबरच घ्यायचा. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळापुरता सहसा निरुपयोगी ठरतो, आणि पॉलिसीत 'नैसर्गिक आपत्तीमुळे मुक्काम वाढणे' ही ओळ आहे का, ते बघून घ्यायचं. दोन, बेट सोडा म्हणाले की त्याच बोटीने निघायचं. पुढच्या बोटीची वाट बघणारे तिथेच अडकतात.

गाडी भाड्याने घेतली असेल तर पाण्याखाली गेलेल्या पुलावर ती घालू नका. बा आणि राकीराकी ही गावं पुरासाठी ओळखली जातात. पाणी ओसरेपर्यंत थांबा. बसस्टँडवर रोटी पार्सल मिळतं, पोळीत गुंडाळलेली बटाट्याची किंवा डाळीची भाजी. दोन खाल्ली की तीन तास निघतात.

आईची पिशवी

फिजीत जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. शेती आणि बेटावरची झाडं जपायची असल्याने दूधदुभतं, मध, बिया, ताजी फळं-भाज्या यांवर बारीक नजर. आम्ही अर्जावर खाण्याचे पदार्थ 'नाही' अशी खूण केली होती, कारण चिवडा-लाडू म्हणजे 'पदार्थ' असं आम्हाला वाटलंच नाही. पिशवीतून निघालं साजूक तूप, लोणचं आणि बडीशेप-तीळ-जवसाचा मुखवास. बिया! अधिकारी सौम्य होता, आईच्या वयाकडे बघून दंड केला नाही, पण तूप आणि मुखवास गेले. 'हो' अशी खूण करून सगळं समोर ठेवायचं, एवढंच. नांदी-सुवाच्या दुकानांत डाळ, तांदूळ, कणीक, मसाले सगळं मिळतं. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं भारतातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत नेली गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं ती दुकानं चालवतात.

त्याऐवजी बॅगेत जागा करा ती लगेच वाळणाऱ्या कपड्यांना, टोपीवाल्या पातळ रेनकोटला, पाणी न शिरणाऱ्या पिशवीला आणि ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या तिरक्या पिनांच्या अडॅप्टरला. जीन्स नको, ती तिथे चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी वास मारते. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलात तर काचेवर धुकं जमतं. बंद पिशवीतच बाहेर नेऊन वीस मिनिटं थांबा.

भारतातून थेट विमान नाही. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर आधी बघा, भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे हा त्रास कमी.

पाणी आणि ताप

मोठ्या पावसानंतर नदीच्या मुखाजवळचा समुद्र गढूळ होतो. तिथे स्नॉर्केल लावून काही दिसत नाही, लांबच्या बेटांकडेच जा. पायाला जखम असेल तर धबधब्याच्या कुंडात किंवा पुराच्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा ताप, तिथे पावसाळ्यात दरवर्षीचा पाहुणा आहे. फिजीत मलेरिया नाही. 'मलेरिया नाही' एवढंच ऐकून आम्ही डासांचं मलम घरी ठेवलं होतं, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल चालेल, पण आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन मनाने घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता फिजीहून कधी आलात, तिथे गोड्या पाण्यात उतरला होतात का, हे आपणहून सांगा. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे कोरडी हवा असते, त्यामुळे लेप्टो लगेच कोणाच्या मनात येत नाही.