सीओटू संपला, फिल्टर थांबला: नवी झाडं वाचवायची तर या चुका टाळा

"दादा, सीओटू चार दिवस बंद होता, रोटाला पिवळा पडलाय. कुठलं खत टाकू?"

घरी माशांच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्यांकडून हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. रोटाला ही अशीच एक पाणवनस्पती आणि सीओटू म्हणजे झाडांसाठी सिलिंडरमधून टाकीच्या पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड. माझं उत्तर ठरलेलं असतं: खत ठेव बाजूला, आधी लाइट कमी कर. समोरच्याला ते पटत नाही, कारण त्याला काहीतरी टाकायचं असतं, बदलायचं असतं, विकत आणायचं असतं. टाकीत लावून महिनाही न झालेली झाडं सीओटूचा रेग्युलेटर बिघडला म्हणून सहसा मरत नाहीत. बिघाडानंतरच्या आठवड्यात आपण जी धावपळ करतो, तिने मरतात.

नवी झाडं एवढी हळवी का, हे आधी समजून घ्या. नर्सरीत बहुतेक पाणवनस्पती मुळं ओली आणि पानं हवेत अशा वाढवतात. ती हवेतली पानं पाण्याखाली फार दिवस टिकत नाहीत. ती विरघळतात आणि त्यांच्या जागी पाण्यातली पातळ, मऊ पानं येतात. हा पालट तीन-चार आठवडे चालतो आणि त्यासाठी लागणारं बरंचसं अन्न खोडात, कंदात साठवलेलं असतं. नेमका याच काळात सीओटू किंवा फिल्टर बंद पडला, तर झाडाच्या गाठीला फारसं काही उरलेलं नसतं.

लाइट तसाच चालू ठेवणे

मला सगळ्यात जास्त चीड या चुकीची येते, कारण ती टाळायला एक रुपया लागत नाही. झाडाने किती काम करायचं ते लाइट ठरवतो. लाइट पूर्ण आणि सीओटू शून्य असला, की झाडाला तो प्रकाश वापरता येत नाही, पण शेवाळाला येतो. फिल्टर थांबला तरी असंच होतं. कार्बन डायऑक्साइड हवेत जितका पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यात पसरतो. पाणी हललं नाही, तर टाकीत सीओटू असूनही पानाला मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तीन फुटी टाकी नव्याने लावली होती. अकराव्या दिवशी लग्नासाठी कोल्हापूरला गेलो आणि चार दिवसांनी परतलो, तर ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू कमी असला की निळी आणि जास्त झाला की पिवळी दिसणारी डबी) निळाशार. सोलेनॉइडची, म्हणजे सीओटू चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची, कॉइल जळली होती आणि लाइट मात्र रोज आठ तास पूर्ण चालला होता. रोटालाचे शेंडे आक्रसले होते, काचेवर तपकिरी थर चढला होता आणि क्रिप्टोची (क्रिप्टोकोरायन या पाणवनस्पतीची) काही पानं काचेसारखी पारदर्शक झाली होती.

इथवर काहीही हाताबाहेर गेलं नव्हतं. पुढचं नुकसान मी केलं. दुसऱ्या दिवशी नवा सोलेनॉइड बसवला आणि चार दिवसांची तूट भरून काढायची म्हणून बबल काउंट, म्हणजे सीओटूचे बुडबुडे, सेकंदाला दोनवरून पाचवर नेला. शिवाय खताचा दुप्पट डोस दिला. तासाभराने पाहिलं तर ड्रॉप चेकर अजून निळसरच होता, म्हणून मी निश्चिंत राहिलो. पण ड्रॉप चेकर दीड-दोन तास मागे असतो. आता दिसणारा रंग मघाचा असतो. संध्याकाळी तो पिवळा झाला तेव्हा मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते. उन्हाळ्याने पाणी ३१ अंशांवर गेलं होतं आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावला, निम्मं पाणी बदललं, सीओटू बंद केला. तरी नऊ टेट्रा मासे गेले.

झाडांचा हिशोब बघा: चार दिवस उपास, मग अर्धा दिवस मेजवानी, मग पुन्हा उपास. सीओटूच्या एका पातळीला झाड आपली आतली यंत्रणा जुळवून घेतं आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. ती पातळी वरखाली होत राहिली की ते कशालाच जुळत नाही. पंधरा दिवसांत जुन्या पानांच्या कडांना काळं केसाळ शेवाळ धरलं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. बिघाड दिसला की कारण शोधण्याआधी लाइट निम्मा करायचा आणि वेळ पाच तासांवर आणायची. लाइट मंद करायची सोय नसेल तर तो वर उचलायचा, किंवा टाकीच्या काचेवर बटर पेपर पसरायचा. दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागणार असतील तर सरळ अंधार ठेवला तरी चालतो. झाडं तेवढा अंधार सोसतात. दुरुस्तीनंतर सीओटू सेकंदाला एका बुडबुड्यापासून सुरू करायचा आणि दिवसाआड थोडा थोडा वाढवायचा. वाढवण्याचं काम सकाळी, आपण दिवसभर घरी असू त्या दिवशीच करायचं. रात्री झोपण्यापूर्वी सीओटूच्या चावीला हात लावायचा नाही.

मेलं समजून उपटणे

त्याच मे महिन्यात मी आणखी एक चूक केली आणि ती मला माशांइतकीच लागली. क्रिप्टोची सगळी पानं दोन दिवसांत विरघळली. वासही यायला लागला, म्हणून मी बाराच्या बारा रोपं उपटून फेकून दिली. काही महिन्यांनी एका मित्राच्या टाकीत हेच झालं. तो कामात होता, त्याने फक्त सडकी पानं सायफनने ओढून घेतली आणि टाकी तशीच सोडली. विसाव्या दिवशी त्याच मातीतून तपकिरी कोंब वर आले.

क्रिप्टोचा हा स्वभावच आहे. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांच्या काठी क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस उगवतो. उन्हाळ्यात पाणी आटतं, पानं जातात आणि जमिनीतला कंद पावसाची वाट बघत तग धरून राहतो. पाण्यात मोठा बदल झाला की पानं टाकून द्यायची, हे त्याला जन्मजात ठाऊक आहे. तुम्ही ज्याला मेलेलं म्हणता ते झाड मातीखाली जिवंत असतं.

म्हणून पानं बघू नका, कंद दाबून बघा. बोटाला टणक लागला तर जिवंत, लिबलिबीत होऊन घाण वास आला तर गेला. अनुबियास या पाणवनस्पतीचंही हेच, पण त्याचा कंद दगडावर किंवा लाकडावर उघडा असतो, त्यामुळे बघणं सोपं. रोटाला, हायग्रोफिलासारख्या खोडाच्या झाडांचा शेंडा हिरवा असेल तर तो कापून पुन्हा लावा, खालचं कुजकं खोड काढून टाका. सडकी पानं मात्र रोज काढायचीच. त्यांचा अमोनिया होतो आणि नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू पुरेसे नसतात. काय झालंय ते बघायला दर दोन दिवसांनी मुळं उपसणाऱ्यांना मी हात जोडतो. मुळांचे बारीक तंतू प्रत्येक वेळी तुटतात आणि झाड पुन्हा शून्यापासून सुरू करतं.

टायमरवर आंधळा विश्वास

पुण्यात गुरुवार म्हणजे वीज जाण्याचा दिवस, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खुंट्यांचा फिरता टायमर वीज गेली की जागीच थांबतो आणि वीज आल्यावर तिथून पुढे चालू लागतो. ओळखीच्या एका मुलाने लाइट दुपारी ३ ते रात्री १० असा लावला होता. सीओटू दुसऱ्या टायमरवर, १ ते ९. तो डिजिटल, आत बॅटरी असलेला. चार गुरुवारी दोन-दोन तास वीज गेली आणि लाइटचा टायमर आठ तास मागे पडला. म्हणजे लाइट लागत होता रात्री ११ ते सकाळी ६, सीओटू बंद झाल्यानंतर. मुलगा वसतिगृहात, टाकी घरी, आणि घरच्यांना वाटलं तशीच पद्धत असेल. तो शेवाळाचं औषध विचारायला आला होता. मी त्याला आधी टायमरचा फोटो पाठवायला सांगितलं.

लाइट आणि सीओटू एकाच टायमरच्या प्रकारावर ठेवा, बॅटरीवाल्या. दर शुक्रवारी एकदा घड्याळ लावून बघा.

वीज आली की कॅनिस्टर तसाच सुरू करणे

कॅनिस्टर म्हणजे बंद डब्याचा फिल्टर. त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि पाणी थांबलं की तो काही तासांत संपतो. मग ते मरायला लागतात, आतलं पाणी कुजतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वीज आल्यावर ते सगळं पाणी थेट टाकीत, कोवळ्या मुळांवर आणि माशांवर. तासाभराचा खंड असेल तर मी काही करत नाही. दोन-तीन तासांच्या वर गेला तर डबा उघडतो, आतलं पाणी मोरीत ओततो, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलके पिळतो आणि मग सुरू करतो. नळाखाली धुवायचं नाही, क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारतं. वीज रात्रभर येणार नाही हे कळलं तर झाकण आधीच काढून ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण त्यांना कारण फक्त घाई असतं.

सिलिंडर भरलाय की नाही हे गेजवरून ठरवू नका. आत द्रवरूप सीओटू आहे तोवर काटा साठ-सत्तर बारच्या आसपास हलत नाही आणि द्रव संपला की झपाट्याने पडतो. स्वस्त रेग्युलेटर त्या वेळी उरलेला गॅस एकदम सोडूही शकतो. सिलिंडर वजन करून बघा.

सीओटू नाही म्हणून बाटलीतला द्रव कार्बन दुप्पट ओतू नका. त्यात ग्लुटराल्डिहाइड असतं आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती त्याने आडवी होते. मॉसही.

हीटर अडकून पाणी ३४ वर गेलं तर बर्फ टाकू नका. पंखा लावा, पाणी थोडं थोडं बदला.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (नळीतून पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावा. सीओटूच्या नळीलाही.

सगळं सुरळीत झाल्यावर लाइट कधी वाढवायचा, हे सगळेच विचारतात. बिघाडानंतर आलेली दोन-तीन नवी पानं पूर्ण उघडली, सरळ आली आणि त्यांच्यावर शेवाळ धरलं नाही, तर पाच तासांचे साडेपाच करा. आठवडाभर थांबा, मग सहा. मधे ड्रॉप चेकर पुन्हा निळा दिसला, तर परत पाचवर या.