स्कायरिमच्या यादवीत बाजू निवडताना

११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम आज पहिल्यांदा खेळायला घेणारे लोक नागपुरात अजूनही भेटतात, आणि सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: त्यातल्या यादवीत साम्राज्याकडून लढावे की त्याविरुद्ध बंड केलेल्या स्टॉर्मक्लोकांकडून? याचे उत्तर मी एका शब्दात देत नाही. ही शपथ कधी घ्यावी आणि त्याआधी काय काय पाहून घ्यावे, एवढे मात्र सांगता येते.

खेळाची सुरुवात दिशाभूल करणारी आहे. हात बांधलेल्या अवस्थेत आपण गाडीतून हेल्गेनला पोहोचतो, शेजारी तोंडात बोळा कोंबलेला स्टॉर्मक्लोकांचा म्होरक्या उल्फ्रिक बसलेला असतो आणि साम्राज्याचे शिपाई काहीही चौकशी न करता आपली मान ठोकळ्यावर ठेवतात. त्यानंतर ड्रॅगन येतो आणि पळताना साम्राज्याचा शिपाई हॅडवारबरोबर जावे की स्टॉर्मक्लोक रॅलोफबरोबर, हे ठरवावे लागते. हीच आपली बाजू ठरली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या निवडीने कोणीही बांधले जात नाही. रॅलोफचा हात धरून बाहेर पडलेला खेळाडू पुढे खुशाल साम्राज्याच्या फौजेत भरती होऊ शकतो.

मी स्वतः ही चूक केली. मे महिन्याच्या सुटीत, कूलरच्या घरघरीत, हेल्गेनचा राग डोक्यात घेऊन मी थेट उल्फ्रिकची राजधानी विंडहेल्म गाठली आणि त्याच्या फौजेत नाव घातले. व्हाइटरन शहराच्या ज्या यार्लने, म्हणजे शासकाने, बालग्रुफने मला थेन हा मानाचा किताब दिला, ज्याच्या शहरात मी पाच हजार मोहरा मोजून घर घेतले होते, त्याच्याच तटबंदीवर चाल करून जाण्याची वेळ आली तेव्हा आपण नेमके कशाला होकार दिला हे मला कळले. त्यातच हल्ला ऐन रंगात असताना वीज गेली आणि शेवटचे सेव्ह दोन तासांपूर्वीचे निघाले. पण तो दोष माझ्या आळसाचा होता.

म्हणून पहिले काम असे की शपथ न घेता दोन्ही राजधान्या पायी हिंडून पाहाव्यात. विंडहेल्मच्या वेशीतून पहिल्यांदा आत शिरताच दोन नॉर्ड, म्हणजे मूळ रहिवासी, एका डनमर (एल्फांच्या एका वंशाच्या) बाईला साम्राज्याची हेर ठरवून धमकावताना दिसतात. डनमर लोकांची वस्ती ग्रे क्वार्टर नावाच्या कोंदट गल्लीत आहे, आणि सरड्यासारख्या आर्गोनियनांना तर शहराच्या आत राहण्याचीही मुभा नाही. ते गोदीवरच राबतात आणि तिथेच झोपतात. साम्राज्याच्या बाजूची राजधानी सॉलिट्यूडमध्ये शिरल्यावर मात्र लोकांसमोर एका पहारेकऱ्याचा शिरच्छेद होतो, कारण राजा टॉरिगला मारून निघालेल्या उल्फ्रिकसाठी त्याने दरवाजा उघडला होता. दोन्ही वेशींवर आपले स्वागत अन्यायाने होते, आणि लेखकांनी ते जाणूनबुजून केले आहे असे मला वाटते. त्यामुळे एकच वेस पाहून मत बनवू नये.

त्यानंतर भांडणाचे मूळ समजून घ्यावे. थॅलमोर या एल्फांच्या राजवटीशी साम्राज्याचे झालेले महायुद्ध चौथ्या युगाच्या १७५ साली व्हाइट-गोल्ड तहाने संपले आणि त्या तहात साम्राज्याने नॉर्डांचा देव टालोस याच्या पूजेवर बंदी मान्य केली. पुढच्याच वर्षी उल्फ्रिकने मार्कार्थ शहर रीचच्या बंडखोरांकडून परत मिळवून दिले ते टालोसची पूजा खुली राहील या वचनावर. त्याचा बोभाटा थॅलमोरपर्यंत पोहोचला, वचन मोडले गेले आणि उल्फ्रिक तुरुंगात गेला. तहाला शरणागती म्हणावे की दम खाण्यासाठी घेतलेली उसंत, एवढाच या यादवीचा खरा प्रश्न आहे.

नागपूरकराला हा प्रश्न नवा नसावा. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, त्यांच्याच फौजेने सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झुंज देऊन हार खाल्ली. म्हणजे तहही केला, लढाईही केली, आणि हाती काहीच राहिले नाही. तान्ह्या पोळ्याला निघणारी काळी मारबत हा पुतळा इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईचा म्हणून सांगितला जातो, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तिला गावाबाहेर नेऊन जाळतो. लहानपणी तिच्यामागे ओरडत गेलेला माणूस साम्राज्याचा सेनापती जनरल टुलियस याला चटकन फितूर ठरवणार, हे मी स्वतःवरून सांगतो. टुलियसचे म्हणणे मात्र एवढेच असते की साम्राज्य फुटले तर थॅलमोरसमोर उभे राहायला कोणीच उरणार नाही.

या म्हणण्याला आधार आहे की नाही, हे खेळातच तपासता येते. मुख्य कथेत थॅलमोरच्या वकिलातीत चोरून शिरावे लागते. तिथली राजदूत एलेनवेन हिच्या दालनातून उल्फ्रिकवरचे गुप्त टिपण घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. महायुद्धात तो कैद झाला होता, त्याने दिलेल्या माहितीमुळेच राजधानी पडली असे त्याच्या मनावर बिंबवले गेले, आणि प्रत्यक्षात राजधानी त्याआधीच पडलेली होती, असे त्या कागदात लिहिले आहे. उल्फ्रिक थॅलमोरचा पगारी हस्तक आहे, असा अर्थ काही जण त्यातून काढतात. तो चुकीचा आहे. स्टॉर्मक्लोकांचा विजयसुद्धा टाळावा, असे त्याच टिपणात स्पष्ट म्हटले आहे. यादवी लांबत राहावी, एवढीच थॅलमोरची इच्छा आहे. माझे मत साम्राज्याकडे झुकले ते या कागदामुळे. तोच कागद वाचून माझा एक मित्र उल्फ्रिककडे गेला: लांबलेली लढाई कोणीतरी लवकर संपवावी आणि ती त्यानेच संपवावी, असा त्याचा युक्तिवाद होता.

यादवी हातात घेण्याआधी मुख्य कथा हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठातल्या तहाच्या बैठकीपर्यंत नेण्याचा माझा आग्रह आहे, कारण यादवी आधीच निकालात निघाली असेल तर ही बैठक होतच नाही. तिथे दोन्ही पक्ष एका मेजाशी बसतात, मार्कार्थ आणि रिफ्टनची देवाणघेवाण होते, आणि एलेनवेनने तिथे थांबावे की नाही याचा निवाडाही खेळाडूकडे येतो. कोण किती हट्टी आहे आणि कोण काय सोडायला तयार आहे, हे मोठ्या भाषणांपेक्षा त्या घासाघीशीत जास्त कळते. तो तह अल्डुइन या ड्रॅगनचा निकाल लागेपर्यंत टिकतो; मग लढाई पुन्हा सुरू करता येते.

आता शपथेनंतरची एक सवलत. दोन्ही बाजूंनी सुरुवातीला कोरवानजुंडच्या भग्न अवशेषांतून दातेरी मुकुट आणण्याची कामगिरी मिळते. मुकुट हाती आल्यावर तो आपल्या सेनापतीकडे न देता विरुद्ध बाजूच्या प्रमुखाला नेऊन दिला, तर बाजू बदलते. ही संधी एकदाच मिळते. मुकुट दिला आणि व्हाइटरनला निरोप पोहोचवण्याचे काम अंगावर आले की परतीचा रस्ता बंद झाला असे समजावे. म्हणून मुकुट उचलताच एक वेगळे सेव्ह करून ठेवावे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खेळत असाल तर संगणकाला यूपीएसही जोडावा.

तरीही मन ठरत नसेल तर सिंहासनांवर कोण बसणार ते पाहावे. उल्फ्रिक जिंकला की व्हाइटरनचा बालग्रुफ पायउतार होऊन सॉलिट्यूडच्या ब्लू पॅलेसमध्ये आश्रयाला जातो, त्याच्या जागी व्हिग्नार ग्रे-मेन येतो, आणि मार्कार्थ थोंगव्हॉर सिल्व्हर-ब्लडच्या म्हणजे खाणमालकांच्या घराण्याच्या हाती पडते. साम्राज्य जिंकले तर विंडहेल्मला ब्रुनवुल्फ फ्री-विंटर हा डनमरांची बाजू घेणारा यार्ल मिळतो, पण रिफ्टनमध्ये मेव्हन ब्लॅक-ब्रायरच अधिकृतपणे गादीवर बसते. आपले घर ज्या शहरात असेल त्या शहराचा विचार आधी करावा. रोज त्याच यार्लचे तोंड पाहायचे असते.

वंश, चिलखत आणि पदव्या यांवर डोके शिणवण्याचे कारण नाही. आर्गोनियन खेळाडूलाही स्टॉर्मक्लोक भरती करून घेतात, फक्त उल्फ्रिकचा सेनानी गॅलमार थोडे खोचक विचारतो; किल्ले घेण्याच्या लढाया दोन्हीकडे जवळपास सारख्या आहेत. शपथेच्या पावित्र्याबद्दलही फार हळवे होऊ नये. सम्राट टायटस मीड दुसरा याच्याशी निष्ठेची शपथ घेतलेला खेळाडू डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीच्या कथेत त्याच सम्राटाला त्याच्या जहाजावर ठार मारू शकतो, आणि टुलियस त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

विजयानंतरही हरलेल्या बाजूच्या छावण्या रानात तशाच राहतात, आणि त्यांचे नायक कितीही वार केले तरी मरत नाहीत. तो खेळातलाच उणेपणा आहे. आपली काही कामगिरी राहून गेली असे समजून त्या छावण्या शोधत फिरू नये.