फुलावर आलेल्या गांजाच्या झाडाची मोठी पानं तोडायची की ठेवायची?

आधी कायद्याचं उरकून घेतो. हे फक्त कॅनडातल्या लोकांसाठी आहे. इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, आणि ऑन्टारिओत घरटी 4 झाडं लावता येतात (माणशी नाही, घरटी!), क्यूबेकमध्ये एकही चालत नाही, आणि भाड्याने राहत असाल तर अ‍ॅग्रीमेंट एकदा वाचून घ्या. भारतात परवान्याशिवाय लागवड म्हणजे एनडीपीएस (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) खाली सरळ गुन्हा, त्यामुळे गावाकडच्या मित्रांनी वाचा आणि सोडून द्या.

तर ऑगस्टात रात्र मोठी व्हायला लागली की मादी झाडाच्या पेरापेरावर पांढरे केस (म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात) दिसायला लागतात आणि तेव्हाच सगळ्यांचा हात कात्रीकडे जातो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की मोठी पानं सावली धरतात, ती काढली की बडला (म्हणजे फुलांच्या गुच्छाला) डायरेक्ट ऊन लागतं आणि बड फुगतात. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं. एका रविवारी चहा पीत पीत झाड पार बोडकं करून टाकलं, मग दहाएक दिवस ते जागचं हललं नाही आणि ऑक्टोबरात हातात आले शेंगदाण्याएवढे बड. आमची तासगावला द्राक्षबाग आहे, म्हणून वडिलांना फोनवर विचारलं (झाड टोमॅटोचं आहे असं सांगितलं, उगाच कशाला), तर म्हणाले, अरे पानं सगळी ओरबाडलीस तर फळात साखर कुठून उतरणार?

तेच आहे सगळं. पाच, सात, नऊ बोटांचं ते पसरट पान म्हणजे झाडाची चूल. बड स्वतः फारसं अन्न बनवत नाही, शेजारच्या पानांनी बनवलेली साखर त्यात येते. शिवाय पान हे कोठारसुद्धा आहे, नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम हे सगळं त्यात साठतं आणि मुळांकडून कमी पडलं की झाड तिथून काढून वरच्या फुलांना देतं. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली तर घाबरू नका, आणि खत पण ओतू नका. मात्र फुलं लागून तीनच आठवडे झालेत आणि पिवळेपणा भराभर वर सरकतोय, तर नत्र खरंच कमी आहे, थोडं द्या. उलट पान काळपट हिरवं होऊन टोकं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली असतील तर नत्र जास्त झालंय, हात आवरा. पान हे झाडाचं तोंड आहे, ते बोडकं केल्यावर ही बातमी कुठून कळणार?

आता कधी काढायची. एक म्हणजे पान आपोआप पिवळं पडलंय आणि बोट लावलं तरी सुटतंय. दुसरं, भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) आलेलं पान, ते लगेच काढा आणि झाडाखाली टाकू नका. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत हवा खेळत नसेल तर. इथे कॅनडात सप्टेंबरच्या शेवटी पहाटे जे दव पडतं ना, त्याने जाड बडच्या आत राखाडी बुरशी धरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, बडमधून एखादंच छोटं पान सुकून बाहेर डोकावत असतं, ते ओढलं की अलगद हातात येतं आणि आत बघावं तर सगळा भुसा. म्हणून एकमेकांवर चिकटून ओली राहणारी मधली पानं आणि जमिनीला टेकणारी खालची पानं काढायची, बस्स.

नुसती सावलीच खटकत असेल तर आधी पान मागे मुडपून फांदीखाली सरकवा किंवा फांदी सुतळीने बाजूला ओढा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. काढायचीच तर फुलोऱ्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत, झाड अजून उंच होत असतं तोवर, आणि एका वेळी पाचातलं एक, त्याहून जास्त नको, मग आठवडाभर बघायचं. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, कोरड्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर कापा, देठाचा छोटा तुकडा ठेवा, तो आपोआप गळतो. ऑटोफ्लॉवर (रात्र मोठी व्हायची वाट न बघता ठरावीक वयात आपोआप फुलणारी जात) असेल तर कात्री घरातच ठेवा, त्याला सावरायला वेळच नसतो.

आणि बडमधूनच निघालेली छोटी, साखर पेरल्यासारखी चमकणारी पानं ती ही नव्हेत, त्यांना काढणीपर्यंत अजिबात हात लावायचा नाही. काढलेली मोठी पानं (भुरीची सोडून) मी कंपोस्टमध्ये टाकतो, यंदा त्यावर मेथी मस्त आलीये.